पस्तीस अंशांची अट

कुंडल, तालुका पलूस, जिल्हा सांगली
वैशाख शुद्ध पंचमी

प्रति,
माननीय सचिव, ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
कृषी भवन, नवी दिल्ली

महाशय,

स. न. वि. वि.

हे पत्र मी मराठीत लिहीत आहे. मराठी ही आपली मातृभाषा नसेल तर ते समजून घेण्यासाठी आपल्या दप्तरात कोणी मराठी जाणणारा अंमलदार आहे काय याची आपणांस विचारपूस करावी लागेल, तो रजेवर असल्यास त्याच्या परतण्याची वाट पाहावी लागेल, आणि त्याने सांगितलेला मतलब हाच मूळ मजकुराचा मतलब आहे असे विश्वासाने मानून चालावे लागेल. ही तसदी मी हेतुपूर्वक देत आहे. कारण आपणांस जी एकदाच पडणार तीच तसदी आमच्या गावच्या माणसाला मोबाइल फोनची प्रत्येक नवी पेटी उघडताना पडते, आणि हायस्कुलात एकतीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेला, इंग्रजी वाचता येणारा व वेळ मोकळा असलेला इसम म्हणून त्या अंमलदाराचे बिनपगारी काम गेली कित्येक वर्षे माझ्याकडे आहे.

गावात ‘सर’ या एकाच पदवीने ओळखला जाणारा मनुष्य सर्वज्ञ असतो अशी लोकांची समजूत असल्यामुळे बँकेची नोटीस, विम्याचा नकार आणि ऊसबिलातील न उमगलेली कपात ही सारी माझ्या सोप्यावर येतात. परंतु अलीकडे काही उन्हाळ्यांपासून या सर्वांना मागे सारून एकच फिर्याद पुढे आली आहे. ‘सर, चार्जिंगला लावला की फोन तापतोय.’ कोणाचा फोन हात लावू देत नाही, कोणाचे चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर अडून बसते, कोणी बॅटरी फुगून पाठ उचकटलेला फोन टॉवेलात गुंडाळून आणतो, आणि एका म्हाताऱ्या बाईंनी तर, फोनला ताप भरला आहे तर ओल्या फडक्याची पट्टी ठेवू काय, असे मला अगदी गंभीरपणे विचारले होते. मी हसलो नाही. अंगातली उष्णता बाहेर काढावी हा त्यांचा विचार तत्त्वतः बरोबरच होता, पाणी तेवढे चुकीचे होते; आणि फोन फ्रीजमध्ये ठेवून आतल्या गारव्याचे दव त्याच्या पोटात जमू देणाऱ्या आमच्या पदवीधर तरुणांपेक्षा त्या बाईंनी विचारण्याचा शहाणपणा तरी दाखविला होता.

फिर्यादी ऐकणाऱ्या या न्यायाधीशाच्या घरीच गेल्या वर्षी चैत्रात गुन्हा घडला. दुपारची वेळ, पत्र्याची खोली, खाली दुमडलेली गोधडी, तिच्यावर माझ्या पत्नीचा आठ महिन्यांपूर्वी घेतलेला फोन चार्जिंगला लावलेला, आणि चार्जिंग चालू असतानाच नातू त्यावर क्रिकेटचा सामना पाहत पडलेला, अशी ती एकूण परिस्थिती होती. अर्ध्या तासाने खोलीत काहीसा गोडसर, नखे रंगविण्याच्या रंगासारखा वास पसरू लागला, नातवाने फोन टाकून दिला, आणि मी जाऊन पाहतो तो फोनची पाठ एका बाजूने वर उचलली गेलेली. आधी भिंतीवरचे बटण बंद केले, मग वायर सोडविली आणि चुलीच्या चिमट्याने फोन उचलून अंगणातल्या वाळूच्या ढिगावर नेऊन ठेवला. आग लागली नाही, कोणी भाजले नाही. ज्यांच्या घरी याहून वाईट घडले त्यांच्या मानाने आमची तक्रार क्षुल्लक आहे, हे मी प्रथमच कबूल करतो.

पुढे शहरातल्या सर्व्हिस सेंटरवर गेलो. तिथला तरुण विनयशील होता. त्याने फोन उलटसुलट पाहिला, तो कुठे व केव्हा चार्जिंगला लावला होता ते विचारून घेतले, आणि मग पेटीतली ती घडीची पुस्तिका उलगडून तिळाएवढ्या अक्षरांतील एका इंग्रजी ओळीवर बोट ठेवले. सभोवतालचे तापमान शून्य ते पस्तीस अंश सेल्सिअस असताना उपकरण वापरावे, अशा आशयाची ती ओळ होती. अट मोडली, सबब वॉरंटी लागू नाही. मला इंग्रजी येते, ओळ छापलेली होती, आणि निवृत्तीच्या दिवशी विद्यार्थ्यांनी भेट दिलेल्या तापमापकात त्या दुपारी त्या खोलीत 41 अंश दिसत होते, ही तीनही सत्ये माझ्याच विरुद्ध साक्ष देत असल्यामुळे मी मुकाट्याने परत आलो. कंपनीचे नाव येथे लिहीत नाही, कारण ती कंपनी या अपराधात एकटी नाही. जगातील अत्यंत महागड्या फोनांपैकी एक असा ॲपलचा आयफोन, त्याच्यासाठीही शून्य ते पस्तीस हीच मर्यादा त्या कंपनीने जाहीर केलेली आहे.

या पस्तीस अंशांची मला प्रथम चीड आली. आमच्या बाजूला फाल्गुन सरला की उन्हाचा तडाखा सुरू होतो, एप्रिलमे महिन्यांत पारा चाळिशीला भिडतो, आणि पत्र्याखाली तर तो चाळिशी ओलांडूनही थांबत नाही. तेव्हा ज्याने ही अट घातली त्याने सांगली जिल्हा नकाशावर तरी पाहिला असेल काय, असे मनात आले. परंतु आयुष्यभर पोरांना ‘आधी कारण शोधा, मग रागवा’ असे सांगितलेले असल्यामुळे मी कारण शोधू लागलो, आणि शोधता शोधता माझी चीड त्या अटीवरून उठून दुसरीकडेच जाऊन बसली.

फोनच्या पोटात जो लिथियमचा विद्युत्‌घट असतो तो 1991 साली सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणला, आणि ज्यांच्या संशोधनातून तो साकार झाला त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे कार्य सांगण्यास सोपे आहे: चार्जिंग होताना लिथियमचे विद्युत्‌भारित कण एका पत्र्यातून निघून मधल्या द्रवातून वाट काढीत दुसऱ्या पत्र्यावरच्या ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात, आणि वापरताना तेच कण उलट्या वाटेने परततात. या जाण्यायेण्यात जो अंतर्गत विरोध होतो त्याची उष्णता होते, आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट. आठवीनववीच्या पोराला हे सूत्र पाठ असते, पण ‘पंधरा मिनिटांत अर्धी बॅटरी’ अशी जाहिरात वाचताना ते त्याच्या बापाला आठवत नाही. फोनला पंखा नाही, धुराडे नाही. जी काही उष्णता निघायची ती फोनच्या पाठीतूनच, आणि त्या पाठीवर आपण रबरी कव्हर चढवितो, खाली गोधडी घालतो, आणि फोन चार्जिंगला असतानाच त्यावर सामना पाहतो. उंच वाढलेल्या उसाच्या फडाशेजारी जिथे नेटवर्क धड नसते तिथे तर टॉवरपर्यंत आवाज पोहोचविण्यासाठी फोन अधिक जोर लावतो व न बोलताही तापतो.

कंपन्यांनी याचा बंदोबस्त केलेला नाही असे मात्र नव्हे. गुऱ्हाळावर जसा गुळव्या काहिलीवर नजर ठेवून बसतो आणि रस हाताबाहेर जाऊ लागताच जाळ घालणाऱ्याला चुलवाण मंद करायला सांगतो, तसाच एक बारीक गुळव्या प्रत्येक चांगल्या फोनच्या पोटात बसविलेला असतो. तापमान वाढू लागले की तो प्रवाह कमी करतो, फारच वाढले की चार्जिंग बंद पाडतो, आणि लोक ज्याला ‘ऐंशी टक्क्यांवर अडला’ म्हणून शिव्या देतात ते बहुधा या गुळव्याचे इमानी काम असते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या फिर्यादींपैकी पुष्कळशा मी तिथेच निकालात काढतो: फोन कोमट लागतो, तो तापलेला नव्हे, चार्जिंग मंदावते, तो दोष नव्हे. परंतु पाठ फुगली असेल, वास येत असेल किंवा बॅटरी आपोआप तापत असेल, तर त्या फोनला पुन्हा वीज दाखवू नये, दाबून बसवू नये, आणि उशाशी तर मुळीच ठेवू नये, हे मी दारातूनच ओरडून सांगतो.

त्या गुळव्याचेही चालेनासे झाले की जे घडते ते आमच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. ओला कडबा गंजीला लावला तर गंजी आतून उबते, उबल्याने ती अधिक उबते, आणि एके रात्री बाहेरून कोणी काडी न लावता ती पेटते, हे त्याने आजोबांपासून ऐकलेले आहे. साखर कारखान्याच्या आवारातल्या बगॅसच्या ढिगावर पहारा का ठेवावा लागतो, हेही त्याला ठाऊक आहे. लिथियमच्या घटात हाच प्रकार चिमूटभर जागेत घडतो. शंभर अंशांच्या आतच पत्र्यावरचे संरक्षक कवच विघटित होऊ लागते, त्या क्रियेची उष्णता पुढच्या क्रियेस खतपाणी घालते, एकशे तीस अंशांच्या आसपास दोन्ही पत्र्यांना वेगळे ठेवणारा प्लॅस्टिकचा पातळ पडदा वितळू लागतो, आणि मग गंजी जशी विझवून विझत नाही तसे होते. अशा वेळी आधी वीज तोडावी आणि मग भरपूर पाणी ओतावे, हा एवढाच उपाय आहे. पुरवठादारांकडून सदोष घट आले तर मोठी कंपनीसुद्धा हतबल होते, हे जगाने 2016 साली पाहिले: सॅमसंगचा गॅलक्सी नोट 7 हा फोन 19 ऑगस्टला बाजारात आला, पेट घेऊ लागल्यामुळे 2 सप्टेंबरला सुमारे 25 लाख फोन परत बोलाविण्याची घोषणा झाली, आणि बदलून दिलेले फोनही पेटू लागले तेव्हा ऑक्टोबरात त्याचे उत्पादनच थांबविण्यात आले. तिथे कोणाची गोधडी किंवा कोणाचा पत्रा कारण नव्हता. एका घटाच्या कोपऱ्यात पत्रा वाकलेला होता, दुसऱ्यात जोडाचे टोक बाहेर आलेले होते.

पण पेटणे हे विरळा. आमचे नित्याचे नुकसान निमूटपणे होते. पूर्ण भरलेला घट 25 अंशांत वर्षभर पडून राहिला तर त्याची क्षमता सुमारे 80 टक्के उरते. तोच 40 अंशांत राहिला तर सुमारे 65. म्हणजे दिल्लीतील आपल्या वातानुकूलित दालनातला फोन आणि माझ्या पत्नीच्या पत्र्याखालचा फोन एकाच दिवशी, एकाच किमतीला घेतले तरी त्यांचे आयुष्य एक नव्हे. युरोपात 20 जून 2025 पासून असा नियम झाला आहे की फोनची बॅटरी आठशे वेळा भरून रिकामी केल्यावरही तिची ऐंशी टक्के क्षमता टिकली पाहिजे. तसा नियम आपल्याकडे आला तर मी त्याचे स्वागतच करीन, मात्र ती परीक्षा कुंडलच्या उन्हात घ्यावी, एवढी माझी पुरवणी सूचना राहील.

तेव्हा पस्तीस अंशांची अट शास्त्राला धरून आहे, हे मी मान्य केले. फाल्गुनाच्या अखेरीपासून मृगाच्या पहिल्या सरीपर्यंत दुपारी फोन चार्जिंगला लावू नये, असा तो अक्षरशः हुकूम आहे, आणि हुकूम योग्य आहे. माझी तक्रार एवढीच की हुकूम निघाला, तो मोडणाऱ्याला शिक्षाही होऊ लागली, परंतु दवंडी काही कोणी पिटलेली नाही. जुन्या राजवटीतल्या अडाणी म्हणून हिणविल्या गेलेल्या कारभाऱ्यांनाही इतके कळत होते की चावडीसमोर डफ वाजवून, रयतेच्या भाषेत, सर्वांना ऐकू जाईल असे जे सांगितले गेले नाही ते मोडल्याबद्दल रयतेला धरता येत नाही.

आपण म्हणाल, फोन घेण्याची सक्ती कोणी केली? सरकारने केली, असे मी नम्रपणे उत्तर देतो. 15 ऑगस्ट 2021 पासून आमच्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठ्याने करावयाची पिकांची नोंद आता शेतकऱ्याने स्वतः फोन घेऊन, आपल्या शेतात उभे राहून, पिकाचे छायाचित्र काढून करावी, आणि ती न केल्यास सातबाऱ्यावरचा पिकाचा रकाना कोरा राहण्याचा धोका पत्करावा, अशी व्यवस्था आहे. महसूल खात्याचे पाहणीपत्रक जिथे फोनच्या पोटात गेले, शिधापत्रिकेची ओळखपडताळणी आणि बँकेचा सांकेतिक अंकही तिथेच येऊ लागला, तिथे फोन ही चैनीची वस्तू राहिलेली नाही; नांगरासारखेच ते औजार झाले आहे. त्यातच ज्यांची वस्ती शेतीच्या वीजवाहिनीवर आहे त्यांना लाईट कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा तास अशा पाळीने मिळते. दिवसाच्या पाळीत चार्जिंगची वेळ निवडण्याचे स्वातंत्र्य त्यांना नसते, ज्या घटकेला लाईट असते तीच त्यांची वेळ, आणि ती घटका उन्हाळ्यात नेमकी पस्तीसच्या वरची असते.

नांगराचे नाव निघाले म्हणून एक आठवण सांगण्याचा मोह आवरत नाही. आमच्या गावाच्या नावाने तेव्हा ओळखल्या जाणाऱ्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर, औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या जागेत, 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला कारखाना बेळगावहून आणून उभा केला, आणि पुढे त्या स्टेशनाचे नावही किर्लोस्करवाडी झाले. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनते अशी त्या काळच्या शेतकऱ्यांची भीती होती, त्यामुळे प्रारंभीचे नांगर कित्येक दिवस गिऱ्हाईकाविना पडून राहिले. पण त्या माणसांनी आपल्या मालाबद्दल बोलायचे तर गिऱ्हाइकाच्या भाषेत बोलायचे, हा शिरस्ता धरला. 1920 साली याच किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्रक निघू लागले, आणि कारखान्याच्या मालाची माहिती देणारे ते पत्रक वाढत वाढत महाराष्ट्रातले एक अग्रगण्य मासिक झाले. (त्यातील ‘खबर’ पुढे गळून पडली, मला ती असती तर आवडले असते.) शंभर वर्षांपूर्वी एका माळावरच्या कारखान्याला जे सुचले आणि परवडले, ते दरसाल कोट्यवधी फोन विकणाऱ्यांना सुचत नाही किंवा परवडत नाही, असे मानण्यास माझे मन धजत नाही. त्यांना ते कोणी करावयास लावलेले नाही, एवढेच.

करावयास लावता येते, याचा पुरावा आपल्या इमारतीतच आहे. कृषी भवनात आपल्या शेजारी जे कृषी मंत्रालय बसते त्याच्या अखत्यारीत 1968 चा कीटकनाशक अधिनियम आहे, आणि त्याखालील 1971 च्या नियमांनी असे ठरविले आहे की औषधाच्या डब्यावरचा व आतल्या पत्रकातला मजकूर हिंदी व इंग्रजीखेरीज जिथे तो माल विकला जाईल तिथल्या प्रादेशिक भाषेतही छापला पाहिजे. त्याबरोबर रंगीत त्रिकोण आला: लाल, पिवळा, निळा, हिरवा. आमच्या गावात अक्षरओळख नसलेला मजूरसुद्धा लाल त्रिकोणाचा डबा उघडताना तोंडाला फडके बांधतो किंवा निदान बांधायला हवे हे जाणतो. द्राक्षबागेवर फवारायच्या काहीशे रुपयांच्या बाटलीने माझ्याशी मराठीत बोलावे, आणि वीस हजारांच्या फोनने बोलू नये, हे दृश्य एकाच इमारतीच्या दोन मजल्यांनी मिळून घडविलेले आहे. आपल्या विभागाच्या ताब्यातील 2011 चे वेष्टनबद्ध वस्तूंचे वैधमापन नियम मी वाचले; पेटीवरची आवश्यक माहिती हिंदीत अथवा इंग्रजीत असावी, एवढ्यावर ते थांबतात. इतर भाषा छापण्यास मनाई नाही, असेही ते उदारपणे म्हणतात. मनाई नाही! पत्र्याखाली झोपणाऱ्या माणसाच्या जिवाशी संबंधित वाक्य त्याला कळेल अशा भाषेत छापण्यास सरकारची हरकत नाही, हे ऐकून आम्ही उपकृत झालो.

याहून महत्त्वाचा मुद्दा 2019 च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाचा. त्या अधिनियमाच्या कलम 84 ने उत्पादकावर ज्या कारणांनी दायित्व येते असे सांगितले आहे त्यांत एक कारण असे की इजा टळावी म्हणून वस्तूच्या योग्य वापराच्या पुरेशा सूचना, किंवा अयोग्य वापराबद्दलचा इशारा, त्या वस्तूसोबत नसणे. कायदा करणाऱ्यांनी ‘पुरेशा’ हा शब्द विचार करून घातला असला पाहिजे. तेव्हा माझा आपणांस साधा प्रश्न आहे: ज्या भाषेतली सूचना विकत घेणाऱ्यास वाचता येत नाही, जी तिळाएवढ्या अक्षरांत साठ ओळींच्या मध्ये दडविलेली आहे, आणि जी दुकानदाराने कधीही तोंडाने सांगितलेली नाही, ती पुरेशी आहे काय? ती पुरेशी नसेल, तर सर्व्हिस सेंटरवरचा तो विनयशील तरुण गिऱ्हाइकाचा कसूर म्हणून ज्यावर बोट ठेवतो तो कसूर कोणाचा ठरतो? न्यायालयात जाऊन याचा निकाल मी मागू शकतो, हे मला ठाऊक आहे. पण फोनच्या किमतीसाठी सत्तरीचा माणूस कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत नाही, आणि या हिशेबावरच बरेचसे व्यापार चालतात.

चार्जरबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्या बाबतीत कायदा उणा नाही, अंमल उणा आहे. 2012 च्या आदेशाने इलेक्ट्रॉनिक वस्तूंची सक्तीची नोंदणी सुरू झाली, आणि चार्जर, मोबाइल, पॉवर बँक, लिथियमचे घट हे सारे क्रमाक्रमाने तिच्या कक्षेत आले. आपल्याच अखत्यारीतील भारतीय मानक ब्यूरो त्यांना ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणीक्रमांक देते, आणि तो खरा की खोटा हे ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर कोणालाही पडताळता येते. व्यवस्था उत्तम आहे. परंतु आठवडे बाजारात ताडपत्रीवर मांडलेल्या ऐंशी रुपयांच्या ‘ओरिजनल’ चार्जरवर तो क्रमांक एकतर नसतो, किंवा असतो तो असा छापलेला की पोराच्या तरुण डोळ्यांनाही भिंग लागावे. आणि ज्याच्या पोटात 230 व्होल्टची वीज व हातातला फोन यांच्यामध्ये जेमतेम एक कागदी भिंत असते अशा त्या पोकळ वजनाच्या डबीला परत पाठविणारा निरीक्षक मी आमच्या बाजारात अद्यापि पाहिलेला नाही. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरच्या बॅटरीवर एकाच डबीला चारचार फोन लोंबकळताना मात्र दरसाल पाहतो.

ब्यूरोने घटांसाठी जे मानक लावले आहे त्यात घट भट्टीत ठेवून 130 अंशांपर्यंत तापविण्याची कसोटी आहे, हे वाचून मला समाधान वाटले. अनर्थाच्या दिवशी तो घट कसा वागेल याचा विचार कोणीतरी केला आहे. माझा आग्रह इतकाच की 130 अंशांबरोबर 41 अंशांचाही विचार व्हावा, कारण पहिले तापमान आमच्या घरात बहुधा कधीच येणार नाही आणि दुसरे दरवर्षी अडीच महिने मुक्कामाला असते.

तर मागणी अशी आहे. फोनच्या पेटीवर, बाहेरून, दुकानात उभ्या राहिलेल्या माणसाला हातात घेताच दिसेल इतक्या मोठ्या अक्षरांत, ज्या राज्यात ती विकली जाईल त्या राज्याच्या भाषेत, किती तापमानापर्यंत हा फोन चार्ज करावा हा आकडा छापण्याची सक्ती करावी. त्याच्याखाली गादीवर, उशीखाली, उन्हात व वापरत असताना चार्ज करू नये, बॅटरी फुगल्यास वापर तत्काळ थांबवावा, हे दोन ओळींत सांगावे. आणि अक्षरे न वाचणाऱ्यासाठी कीटकनाशकाच्या त्रिकोणासारखी एखादी रंगीत खूण ठरवावी. जिथे ती सूचना स्थानिक भाषेत नाही तिथे उष्णतेच्या कारणाने वॉरंटी नाकारता येऊ नये, असाही एक खुलासा नियमांत घालावा. हा खुलासा घातलात तर बाकीचे सारे कंपन्या आपण होऊन छापतील, असा माझा मनुष्यस्वभावाविषयीचा अंदाज आहे. यासाठी नवा कायदा नको, संसदेची वाट पाहणे नको, मोठा खर्च नको. 2011 च्या नियमांत एक दुरुस्ती व एक अधिसूचना, इतकेच. आपल्या विभागाने 24 डिसेंबर 2022 रोजी दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले तेव्हा मी मनापासून आनंदलो होतो. वस्तू बिघडल्यावर ती दुरुस्त करून घेण्याचा हक्क ज्या सरकारला मान्य आहे, त्याला ती बिघडू नये म्हणून काय करावे हे स्वतःच्या भाषेत ऐकण्याचा हक्क अमान्य असेल, असे मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट आपणांस ठाऊक असावी म्हणून लिहितो. हे गाव 1943 पासून तीनएक वर्षे प्रतिसरकारचे एक प्रमुख ठाणे होते; क्रांतिसिंह नाना पाटील आणि आमच्याच गावचे जी. डी. बापू लाड यांच्या माणसांनी परक्या सरकारच्या दप्तराशी संबंध तोडून गावोगाव न्यायनिवाडे केले, ते वादीला आणि प्रतिवादीला दोघांनाही समजणाऱ्या भाषेत. त्या काळचे जे थोडे वृद्ध मी लहानपणी पाहिले, त्यांना इंग्रजांच्या कायद्यापेक्षा त्याच्या इंग्रजी कागदाचा राग अधिक होता. आता सरकार आपले आहे, कागद तेवढा अजून तसाच आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कुंडल येथील एक निवृत्त विज्ञानशिक्षक

ता. क. पत्नीचा नवा फोन आता पहाटे पाच वाजता, कव्हर काढून, शहाबादी फरशीवर चार्जिंगला लागतो. या पत्राचे इंग्रजी भाषांतर सोबत जोडलेले नाही.